उलारचा नान आणि माझा नकाशा

२९ सप्टेंबर २०१८, शनिवार

अखेर गावाला माझी आठवण झाली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून लग्नाच्या याद्या सुवाच्य अक्षरात लिहून देण्यापलीकडे चोंग-बुलाकने माझ्याकडून काही मागितलं नव्हतं. आज नर्स केरेझ स्वतः घरी आली. एक डिसेंबर हा एड्स दिन. त्या दिवशी नारिन शहरातून तपासणीची गाडी आपल्या गावात येणार आहे. त्याआधी लोकांना चार गोष्टी समजावून सांगणारं कुणीतरी हवं.

"मास्तर, गाव तुमचं ऐकतं," ती म्हणाली.

ऐकणारच. अर्ध्या गावाचे कान मीच पिळलेत. मी लगेच हो म्हणालो. माझी बायको बुरुल चहा ओतता ओतता म्हणाली, "केरेझ, यांना बोलायला लावणं सोपं आहे. थांबवायचं कसं तेही ठरवून ठेव."

७ ऑक्टोबर, रविवार

क्लबघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढायला घेतला आहे. हा रोग ज्या देशात जास्त, तो देश जास्त लाल. केरेझच्या पुस्तिकेतले आकडे घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या कुशीतला चिमुकला एस्वातिनी, तिथे चार प्रौढांमागे एकाला लागण. (एप्रिलपर्यंत त्याचं नाव स्वाझिलँड होतं हे या गावात फक्त मला ठाऊक आहे.) लाल रंगाचा अख्खा डबा आफ्रिकेच्या टोकालाच संपला. आपला किर्गिझ देश फिका गुलाबी. पण पुस्तिकेत असंही आहे, की बाकी जगात नव्या लागणी कमी होताहेत आणि आपल्या या भागात वाढताहेत. चोंग-बुलाकच्या जागी मात्र मी स्वच्छ पांढरा ठिपका ठेवला.

माझा मुलगा उलार माझ्यासाठी तंदुरातला ताजा नान घेऊन आला आणि बराच वेळ नकाशासमोर उभा राहिला.

"अताके, तो ठिपका पांढरा का?"

"कारण आपल्याकडे कुणी नाही."

"कुणी नाही, की कुणाला विचारलं नाही?" तो म्हणाला. "जिथे तुम्ही सगळ्यात लाल रंग दिलाय ना, तिथे लोक तपासून घेतात, औषध घेतात, आणि पोराबाळांसमोर या विषयावर बोलतात. आपण फिके आहोत ते गप्प राहून."

भूगोलात याला कायम पाचातले तीन गुण. आता मला शिकवतो! पण मुद्दा बरा होता, मी भाषणात घालणार आहे.

२१ ऑक्टोबर, रविवार

आज बेकरीला सहा महिने झाले. लिहून ठेवलं पाहिजे, कारण मार्चमध्ये उलार मॉस्कोहून परतला तेव्हा याच वहीत मी त्याच्याबद्दल बरंच वाईट लिहिलं आहे. तिथे कामाच्या परवान्याला रक्ताचा कसला तरी दाखला लागतो, त्यात कारकुनांनी घोळ घातला आणि पोराला देशाबाहेर काढलं. मी म्हणालो होतो, दुसरा असता तर भांडला असता. तो भांडला नाही. त्याने अंगणात तंदूर बांधला. आज वरची आळी, खालची आळी, दोन्हीकडचं गाव त्याचा नान खातं. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटतो. त्याला तोंडावर सांगणार नाही, पोरं बिघडतात.

शिस्तही आली आहे त्याच्यात. रोज रात्री नऊला फोनचा गजर होतो आणि तो जीवनसत्त्वाची गोळी घेतो. दर महिन्याला नारिनला जाऊन पिठाचे भाव बघून येतो, पीठ मात्र गावातच घेतो. धंद्याचं डोकं म्हणतात ते हे. परवा मेंढा कापताना त्याचं बोट कापलं, तर कुणाला जवळ येऊ दिलं नाही, स्वतःच धुतलं, स्वतःच पट्टी बांधली. लहानपणी सुई दिसली की टेबलाखाली शिरायचा. मॉस्कोने धीट केला त्याला.

४ नोव्हेंबर, रविवार

सभेला सतराजण. त्यातले पाच शेकोटीसाठी आलेले. मी एचआयव्ही म्हणजे विषाणू, आणि उपचार न घेता तो बळावला की एड्स, हा फरक तीन वेळा समजावला. शेवटी खालच्या आळीच्या बात्मा अपा म्हणाल्या, "मास्तर, आम्ही काय वाईट चालीच्या बायका आहोत रक्त द्यायला?" सगळे हसले आणि उठले.

घरी येताना मला युक्ती सुचली. आपल्या माणसांना आजार म्हटलं की झोप येते, पण वरची आळी विरुद्ध खालची आळी म्हटलं की मेलेला माणूसही घोड्यावर बसतो. तर स्पर्धा! ज्या आळीतली जास्त माणसं तपासणी करतील तिला माझ्याकडून एक मेंढा. बातमी अंधार पडायच्या आत गावभर झाली. बात्मा अपांनी निरोप पाठवला: "मेंढ्याला आत्तापासून चारा घाला, आम्हाला लठ्ठ लागतो."

२४ नोव्हेंबर, शनिवार

उलारशी वाद. "अताके, ही शर्यत नको. ज्याला यायचंय त्याने गुपचूप यावं, गुपचूप जावं."

"गुपचूप या गावात आजवर काय झालंय? बाळंतपणसुद्धा नाही."

"म्हणूनच म्हणतोय."

सूनबाईही मध्ये पडली. जाझगुल एरवी माझ्यापुढे मोठ्याने बोलत नाही. म्हणाली, "अताके, कुणाचं काही निघालं तर त्या माणसाने जायचं कुठे?"

मी म्हणालो, आपल्या गावात कुणाचं काही निघणार नाही, मी नकाशा उगाच रंगवला नाही. ती उलारकडे बघायला लागली आणि मग दोघं पीठ चाळायला निघून गेली. घरच्यांनाच माझ्या कामाची किंमत नाही, हे जुनं दुखणं आहे.

१ डिसेंबर, शनिवार

हे आजच लिहिलं पाहिजे. उद्या मी ते गोड करून लिहीन.

सकाळी गाडी आली. क्लबघराच्या मागच्या खोलीत केरेझ आणि नारिनची डॉक्टरीण. बोटातून एक थेंब, वीस मिनिटं बसायचं, आणि निकाल एकेकाला आत बोलावून कानात. पहिला मी. निकाल स्वच्छ. बाहेर आलो तर शे-दीडशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी. मला राहवेना. मी डोक्यावरचा कल्पाक काढून हवेत उडवला आणि बुरुलकडे बघून ओरडलो, "सुयुंचू!"

झालं! चांगली बातमी आणणाऱ्याने सुयुंचू म्हटलं की ऐकणाऱ्याने काहीतरी द्यायलाच हवं. बुरुलने हसत हसत डोक्यावरची शाल मला दिली. मग काय विचारता! जो बाहेर येईल तो सुयुंचू ओरडे, आणि त्याच्या घरचे कुणी मोजे, कुणी साखरेचे खडे, कुणी हातातला चाबूक काढून देत. लोक रांगेत घुसायला लागले. सत्तरीच्या बात्मा अपा बाहेर येऊन अशा किंचाळल्या की क्लबमागचं घोडं खुंटा उपटून पळालं. मला वाटलं, एस्वातिनीतही असं कुणी केलं नसेल. केरेझ एकदा दाराशी आली, पांढरीफटक. "मास्तर, हे ओरडणं थांबवा," म्हणाली. "ज्याला ओरडता येणार नाही त्याचं काय?" मला वाटलं, दमली असेल बिचारी.

तीन वाजता खालची आळी एकशे आठ, वरची एकशे सात. आमच्या आळीत एकच माणूस राहिला होता आणि तो माझ्याच घरातला होता.

"मास्तरांचा वाघ तंदुरात शिरला वाटतं!" खालच्या आळीतून कुणीतरी ओरडलं. "नानसारखा फुगलाय, बाहेर निघेना!"

मी तरातरा घरी गेलो. उलार पीठ मळत होता. "ऊठ," मी म्हणालो.

"अताके, मला राहू द्या."

"एका थेंबाला घाबरतोस? माझ्या पोटी तू? अख्ख्या गावासमोर माझी मान खाली घालायला लावतोस?"

जाझगुल म्हणाली, "अताके, पीठ तयार झालंय, वाया जाईल."

"पीठ गेलं खड्ड्यात!"

पिठाला मी आयुष्यात कधी असं बोललो नव्हतो. उलारने माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि माझ्यापुढे चालायला लागला.

तो आत गेला. वीस मिनिटं झाली. दार उघडलं. तो पायरीवर उभा राहिला. सगळे त्याच्या ओरडण्याची वाट बघत होते, आमच्या आळीने टाळ्यांसाठी हातसुद्धा वर केले होते. तो ओरडला नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात मागून केरेझ आली आणि त्याच्या वतीने तिनेच तोंड उघडलं, "सुयुं—"

उलारने तिचा हात धरला. "नको, केरेझ एजे. तुम्ही खोटं बोलू नका, तुमच्यावर गावाचा विश्वास आहे." मग तो आमच्याकडे वळला. भाषणाचा त्याला सराव नाही, तरी आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "माझ्या रक्तात एचआयव्ही आहे. मला कळून दहा महिने झाले. मी रोज गोळी घेतो, आणि आता माझ्या रक्तात तो विषाणू यंत्राला सापडत नाही इतका कमी आहे. जाझगुलची तपासणी तीन वेळा झाली आहे, ती ठणठणीत आहे. मला तो कसा लागला ते मी तिला सांगितलंय, बाकी कुणाला सांगायची गरज नाही. नानमधून, चहातून, हात मिळवल्याने हा होत नाही. हे माझ्या वडिलांनी तुम्हाला सांगितलंच आहे. त्यांनी खरं सांगितलंय."

एवढं बोलून तो पायऱ्या उतरला. लोकांनी वाट दिली. जरा जास्तच रुंद दिली.

मग बात्मा अपांचा आवाज आला: "म्हणजे बरोबरी झाली. मग मेंढा कुणाचा?"

कुणी हसलं नाही. मी काय केलं? मी तिथेच उभा राहिलो, कल्पाक हातात घेऊन. त्याच्या मागे गेलो नाही.

२ डिसेंबर, रविवार

सकाळचा चहा. दस्तरखानावर उलारचे नान, नेहमीसारखे, वर काळे तीळ. त्याने नेहमीसारखे तुकडे केले आणि माझ्यापुढे ठेवले. मी हात पुढे केला आणि माझा हात थांबला.

मला सगळं ठाऊक आहे. कशातून होतो, कशातून नाही, हे मी सतरा लोकांना तीन वेळा शिकवलं आहे. तरी हात थांबला. दोन श्वास असतील. मग मी तुकडा घेतला आणि खाल्ला, पण उलारने पाहिलं होतं. त्याने उरलेल्या नानवर कापड टाकलं.

मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

५ डिसेंबर, बुधवार

रोज ऐंशी नान जायचे. परवा चार गेले, काल दोन, आज एकही नाही. लोक वाईट बोलत नाहीत. "काल घरीच लावले होते," "सासूबाई शहरातून घेऊन आल्या," असं सांगतात. इतक्या सासवा एकाच आठवड्यात शहरात गेलेल्या मी कधी ऐकल्या नाहीत. बात्मा अपा खालच्या आळीच्या चार बायका घेऊन सरपंचाकडे गेल्या होत्या, तंदूर बंद करा म्हणून.

आज मी बुरुलला म्हणालो, की उलारला काही दिवस बिश्केकला तुझ्या बहिणीकडे पाठवू. शहरात कुणी कुणाला ओळखत नाही.

ती भांडी घासत होती. म्हणाली, "मॉस्कोने हाकलला. आता चोंग-बुलाकने हाकलायचा. तुमच्या नकाशावर त्याच्यासाठी एखादा देश शिल्लक आहे का?"

थोड्या वेळाने मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"आई आहे मी. गोळ्यांची बाटली एप्रिलमध्येच वाचली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ओरडला असता."

मी तिथून उठून गोठ्यात गेलो. घोड्याला खरारा करत उभा राहिलो.

८ डिसेंबर, शनिवार

केरेझकडे गेलो. माफी मागायची पद्धत मला येत नाही, म्हणून हवामानावर बोललो. तिने मला बसवलं आणि चांगलं झापलं. "दहा वर्षं मी लोकांना सांगतेय, की इथे कळलेलं इथेच राहील. तुम्ही एका दिवसात अशी तऱ्हा केलीत की गप्प राहणाराच उघडा पडावा. मास्तर, तो बोलला म्हणून निभावलं. दुसरं कुणी असतं तर नदीकडे गेलं असतं."

बरोबर आहे तिचं. स्पर्धा माझी, सुयुंचू माझा, खेचून आणणाराही मीच. मी फक्त एवढंच विचारलं, "आता काय करू?"

"थोडं कमी बोला," ती म्हणाली, "आणि नान खा."

१२ डिसेंबर, बुधवार

सकाळी सहाला उठून उलारच्या आधी तंदुराशी गेलो. त्याने विचारलं, "काय काम काढलंत, अताके?" मी म्हणालो, "आजपासून विक्रीला मी बसणार." तो म्हणाला, "गल्ल्यावर बसायचं तर हात धुऊन या."

विकायला गिऱ्हाईक कुठे आहे? म्हणून मी वेगळं केलं. बेकरीसमोर रस्त्याच्या कडेला बाकावर दस्तरखान अंथरलं, वर गरम नान ठेवला आणि शेजारी बसलो. आपल्याकडे कुणी नान पुढे करून "तोंड लाव" म्हटलं, की कितीही घाई असो, एक तुकडा मोडून तोंडात टाकावाच लागतो. नानला पाठ दाखवून जाणारा किर्गिझ अजून जन्मायचाय. तेव्हा जो जाईल त्याला मी म्हणणार: तोंड लाव.

दुपारपर्यंत मला कळलं की गावातला सगळ्यात वर्दळीचा रस्ता ओस पडला आहे. नानचा अपमान करायला नको म्हणून लोक गोठलेल्या ओढ्यातून वळसा घालताहेत. शाळेची मुख्याध्यापिकासुद्धा दप्तर डोक्यावर घेऊन बर्फावरून घसरत जाताना दिसली. मी एकटाच दीड नान खाल्ला.

१३ डिसेंबर, गुरुवार

उणे अठरा. पुन्हा बसलो. पुन्हा ओढ्यात गर्दी. अकराच्या सुमाराला बात्मा अपा काठी टेकत सरळ रस्त्याने आल्या. त्यांच्या गुडघ्यांना ओढा झेपत नाही. मला बघून थांबल्या. वळून बघितलं, परत जायचं तर चढ.

मी नान पुढे केला. "अपा, तोंड लावा."

"तू मोठा लबाड आहेस, जुमादिल," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा मास्तर म्हटलं नाही. नानकडे बघत राहिल्या. बेकरीच्या दारात उलार येऊन उभा राहिला होता, हाताला पीठ. त्या त्याच्याकडेही बघत राहिल्या. मग नखभर तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि दात नाहीत म्हणून बराच वेळ घोळवला.

"मीठ जास्त आहे," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मला संताप आला. उलारच्या नानमध्ये मीठ कधीच जास्त नसतं! मी त्याला तसं सांगितलं, तर तो हसत होता. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. याला अपमानाचं काही वाटत नाही का?

१५ डिसेंबर, शनिवार

बात्मा अपा काल परत आल्या आणि म्हणाल्या, "आज अळणी." आज आल्या आणि म्हणाल्या, "खालून करपलाय." कसली चिकट बाई! रोज मुद्दाम येऊन पोराच्या कामात खोट काढते. आज तर चार नान विकत घेऊन गेली, घरी सुनांना दाखवायचं म्हणे, की नान कसा नसावा. मी उलारला म्हणालो की उद्यापासून तिला द्यायचा नाही. जाझगुल तोंडावर डोईच्या रुमालाचं टोक धरून आत पळाली. बहुधा तिलाही राग आला असावा.

९ जानेवारी २०१९, बुधवार

आज साठ नान गेले. ओढ्यावरची पायवाट बर्फाने बुजली.

पण मला ते लिहायचं नाहीये. केरेझ आली होती. उलारशी बोलली, माझ्यासमोर बोलली. एक डिसेंबरला स्पर्धा म्हणून गावातली दोनशे सोळा माणसं आली. त्यानंतर काहीही स्पर्धा नसताना, आजूबाजूच्या तीन गावांतून अकराजण एकेकटे तिच्या दारी आले. कुणी खोकल्याचं निमित्त काढून, कुणी मेंढी आजारी आहे म्हणून. प्रत्येकाने आधी हेच विचारलं, की तो बेकरीवाला खरंच बरा आहे का? खरंच कामधंदा करतो का? बायको खरंच ठणठणीत आहे का? त्या अकरांत दोघांना लागण निघाली. एक बाई सहा महिन्यांची गरोदर आहे. वेळेवर कळलं, उपचार सुरू झाले. एरवी ती दोघं आली नसती, केरेझ म्हणाली. मेली असती पण आली नसती.

"कोण?" मी विचारलं.

केरेझ आणि उलार दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा घेतला.

१६ फेब्रुवारी, शनिवार

नारिनच्या मोठ्या सभागृहात उलार बोलला. तीनशे माणसं, जिल्ह्याचे अधिकारी, बिश्केकहून आलेले डॉक्टर. मी शेवटच्या रांगेत. त्याच्या हातात कागद नाही. जगात साडेतीन कोटींहून जास्त माणसं याच्यासह जगताहेत, आणि त्यांतल्या ज्यांना औषध मिळतं ती कामाला जातात, लेकरं वाढवतात, म्हातारी होतात, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "आफ्रिकेत ज्या देशांना आपण बिचारे म्हणतो, तिथली आजी बाजारात भाजी घेता घेता या रोगाबद्दल बोलते. आपली आजी विचारते, रक्त द्यायला आम्ही काय वाईट चालीच्या आहोत? आपल्याला त्यांच्याकडून शिकायचंय."

एक धिप्पाड माणूस उठला. "भाऊ, तुला लाज नाही वाटली, गावासमोर सांगताना?"

"वाटली," उलार म्हणाला. "पण आत वीस मिनिटं बसलो होतो, तेव्हा वाटलं की पुढचा माणूस माझ्यासारखाच दारात उभा राहील आणि त्याला ओरडता येणार नाही. तो एकटा नको."

टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण हात नाकाशी रुमाल धरण्यात गुंतले होते. शेजारच्याने विचारलं, "काका, ओळखीचा आहे का?"

"माझा मुलगा आहे," मी म्हणालो. मग जरा मोठ्याने म्हणालो, म्हणजे पुढच्या दोन रांगांनाही ऐकू गेलं. एवढं चालतं.

परतताना गाडीत मी त्याला सांगितलं, दोन डिसेंबरला माझा हात थांबला होता, ते चूक होतं. तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. म्हणाला, "माझाही थांबला होता, अताके. मॉस्कोत, पहिल्या दिवशी, स्वतःचाच पेला उचलताना."



६ जून, गुरुवार

आज तंदुराशी मी एकटा होतो. उलार आणि जाझगुल दुसऱ्या गावी सभेला. एक बाई आली. तिला मी ओळखतो, तिच्या बापाला ओळखतो, शाळेत तिच्याकडून नद्यांची नावं मीच पाठ करून घेतली. पाठीवर दोन महिन्यांचं बाळ. दोन नान घेतले आणि जायला निघाली, मग परत वळली.

"मास्तर, उलार नाहीये?"

"नाही. निरोप ठेव."

तिने रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं. बाळाला पुढे घेतलं आणि हळू म्हणाली, "त्याला सांगा, काल निकाल आला. याच्यात काही नाही. एकदम स्वच्छ आहे." आणि रडायला लागली.

माझ्या तोंडाशी आलं होतं. कल्पाककडे हातही गेला होता. समोरून दोन बायका बादल्या घेऊन येत होत्या. मी कल्पाक नीट डोक्यावर बसवला आणि म्हणालो, "अगं, दोन नान कसे पुरतील? चार ने," आणि ती तोंड पुसेपर्यंत बादलीवाल्या बायकांशी उन्हाळ्याच्या गवताबद्दल बोलत राहिलो. त्यांना काही कळलं नाही.

बाळ गोरं आहे, डोकं भोपळ्यासारखं गोल, आणि नानचा वास येताच त्याने डोळे उघडले. माझ्या मुलामुळे ते असं आहे. माझ्या उलारमुळे. हे मी क्लबघराच्या छपरावर चढून ओरडलो असतो तरी पुरलं नसतं.

संध्याकाळी बुरुलने विचारलं, "आज चेहरा का असा फुललाय?" मी म्हणालो, ऊन लागलं असेल. ती माझ्याकडे बघत राहिली, पण मी पुढे एक शब्द काढला नाही, तेव्हा तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

चाळीस वर्षं ही दैनंदिनी लिहितो आहे. कोण आलं, कोण गेलं, कोण काय म्हणालं, सगळ्यांची नावं यात आहेत, बापाच्या नावासकट. त्या बाईचं नाव मी लिहिणार नाही.